गिटने चाचणीची चौकट बाहेरून का आणली?

जगभरचे प्रोग्रामर दररोज हाताळतात असे एक अवजार म्हणजे गिट. प्रोग्राममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे हे त्याचे काम. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते निर्माण केले आणि त्याच वर्षी त्याची धुरा जुनियो हमानो यांच्याकडे सोपवली. या नोंदवहीतच चूक शिरली तर दुसऱ्यांचे वर्षानुवर्षांचे श्रम धोक्यात येतात. म्हणून गिट स्वतःला कसे तपासते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रारंभापासून ही तपासणी मुख्यतः शेल स्क्रिप्टांवर सोपवलेली आहे. स्क्रिप्ट गिटची आज्ञा चालवते आणि आलेले उत्तर अपेक्षेशी ताडून पाहते. संपूर्ण यंत्र चालते की नाही, एवढे त्यातून कळते. आतला एखादा दाता झिजला आहे का, हे पाहण्यासाठी मात्र तो दाता सुटा काढावा लागतो. अशा सुट्या तपासणीलाच युनिट टेस्ट म्हणतात. शिवाय शेलमधून प्रत्येक आज्ञेसाठी नवी प्रक्रिया सुरू करावी लागते, आणि विंडोजवर ते फारच संथ चालते.

२०२३ मध्ये बाहेरच्या अनेक चौकटींची तुलना करून गिटच्या मंडळींनी शेवटी सी भाषेत घरचीच एक छोटी चौकट पसंत केली. तिच्यात प्रत्येक चाचणीचे नाव हाताने यादीत घालावे लागे. एक तपास फसला तरी पुढच्या ओळी चालतच राहत. त्या थांबवायच्या तर तशी अट लिहिणाऱ्यानेच घालायची. दुसऱ्याच वर्षी पॅट्रिक स्टाइनहार्ट यांच्या पुढाकाराने ‘क्लार’ ही चौकट आली. ती मूळची लिबगिट२ या प्रकल्पातली, म्हणजे परकी म्हणावी तर गिटची सोयरीकच. क्लारमध्ये चाचणीला ठरावीक पद्धतीचे नाव दिले की यादी आपोआप तयार होते, आणि तपास फसताच ती चाचणी तिथेच थांबते.

खरी मेहनत पुढे होती. क्लारची यादी पायथनची स्क्रिप्ट तयार करी. गिट उभारण्यासाठी पायथनची सक्ती नको, म्हणून तेच काम शेल आणि ऑककडून करून घेतले गेले. विंडोजवर आणि नॉनस्टॉप या यंत्रणेवर क्लार अडखळली, तेव्हा तिथल्या त्रुटी शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. बाहेरची वस्तू फुकट मिळते, तिची देखभाल मात्र फुकट होत नाही, हे इथे दिसते. तरीही हा सौदा मला योग्य वाटतो. क्लारची प्रत गिटच्या भांडारातच ठेवली गेली, त्यामुळे मूळ प्रकल्प उद्या थंडावला तरी गिटचे काम अडणार नाही. आणि काही दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे परत गेल्याने त्यांचा लाभ क्लार वापरणाऱ्या इतरांनाही झाला.

जुन्या चाचण्या एका झटक्यात मोडीत काढल्या नाहीत. आधी शब्दांच्या याद्या सांभाळणारा भाग आणि अक्षरांचे वर्ग ओळखणारा भाग, अशा दोनच ठिकाणच्या चाचण्या क्लारमध्ये नेल्या. उरलेल्या मागाहून एकेक करून हलवल्या. तोवर दोन्ही चौकटी शेजारी शेजारी चालत राहिल्या.