टी पॉइंट ते टी पॉइंट

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, दिल्ली गेटकडून येणारा जुना रस्ता आणि सिडकोकडून येणारा जळगाव रस्ता जिथे मिळतात, ती जागा म्हणजे हर्सूल टी पॉइंट. जवळच मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी मातेचं हर्सूल गाव, पुढे फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा. कारागृहात भेटीला आलेली बाई असो की नवरात्रात देवीला निघालेलं कुटुंब, ‘टी पॉइंटला उतरा’ एवढं सांगितलं की पुरे होतं. इंग्रजीचा गंध नसलेला माणूसही हा शब्द बिनदिक्कत वापरतो.

‘पॉइंट’चं मूळ लॅटिन. टोचून पडलेलं बारीक छिद्र हा त्याचा जुना अर्थ. त्यातून ठिपका आला, टोक आलं आणि नेमकी जागाही आली. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकालाही इंग्रज पॉइंट म्हणत. मुंबईचा मलबार पॉइंट तसा. समुद्रात भर घालून उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटला खुर्शीद फ्रामजी नरिमन यांचं नाव मिळालं. भर घालण्याच्या त्या योजनेतला गैरकारभार त्यांनीच चव्हाट्यावर आणला होता. घाटमाथ्यावर हा शब्द कड्याच्या टोकाला चिकटला. महाबळेश्वरचा केट्स पॉइंट आणि माथेरानचा पॅनोरमा पॉइंट त्यातलेच. तिथे गेलेला मराठी माणूस ‘आज किती पॉइंट झाले?’ असं विचारू लागला आणि पॉइंट म्हणजे पाहण्याजोगी जागा, हा अर्थ घरोघर पोचला.

हर्सूलहून निघालेल्या रस्त्यावर या शब्दाची दोन्ही रूपं भेटतात. सुमारे शंभर किलोमीटरवर फर्दापूरजवळ अजिंठ्याचा टी पॉइंट लागतो. खाजगी गाड्या तिथेच थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. लेण्यांसमोर, वाघूर नदीच्या पलीकडच्या डोंगरावर व्ह्यू पॉइंट आहे. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती याच बाजूने, असं सांगतात. पहिल्या पॉइंटवर वाट वळते, दुसऱ्यावर नजर खिळते.

शेतात हाच शब्द पाण्यावर येतो. बोअर घ्यायचं ठरलं की आधी ‘पॉइंट काढायला’ पाणाड्या बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधाने चालतो, नारळ उभा राहिला की तिथे दगड ठेवतो, आणि मशीन त्याच दगडावर लागतं. नारळाच्या या परीक्षेला शास्त्राचा आधार नाही. पण जागेचा प्रश्न खराच आहे. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. एका जागी लागलेलं पाणी दहा पावलांवर लागेलच असं नाही. कर्ज काढून बोअर घेणाऱ्याला म्हणूनच भूजलाच्या जाणकाराचा सल्ला आधी मिळायला हवा.

वायरमन पॉइंटमागे मजुरी सांगतो. गणेशोत्सवात पोलिसाला बंदोबस्ताचा पॉइंट नेमून दिला जातो, आणि तो सोडून हलता येत नाही. चर्चेत कुणी मर्मावर बोट ठेवलं की आपण म्हणतो, ‘पॉइंट आहे!’ या सगळ्यांत नेमकेपणाचा धागा एकच.

पण मराठीकडे जागेचे शब्द थोडे नाहीत. हमरस्त्यावरून गावाकडे वळायचं तो फाटा. तीन वाटा मिळतात तो कोकणातला तिठा, तर कोल्हापुरात तिकटी. पापाची तिकटी प्रसिद्धच आहे. जकात घेतली जायची तो नाका. मराठवाड्यात गावाच्या नावाचा फलक असतो ती पाटी, म्हणून बसमधला माणूस ‘पाटीवर उतरतो’. वाट फुटते कशी, तिथे घडायचं काय, हे यातला एकेक शब्द सांगतो. ‘पॉइंट’ला तेवढं सांगता येत नाही.

टी पॉइंट लोकांनी आपला केला आहे, तो राहू द्यावा. मात्र नव्या रस्त्यांचे फलक लिहिताना आधी गावात विचारावं. तिथे फाटा म्हणत असतील तर फाटाच लिहावा, तिठा म्हणत असतील तर तिठाच. लोकांच्या तोंडचं नाव फलकावर असलं, तर पहिल्यांदाच आलेला पाहुणाही न चुकता पोचतो.