चमचा उलटा करून पाहा

जुन्या घराची आवराआवर निघाली, की कपाटातून विलायती चमच्यांची एखादी पेटी बाहेर येते. कुणी म्हणतं चांदीचे, कुणी म्हणतं मुलाम्याचे. वाद मिटत नाही आणि पेटी मोडीत जाते. तराजूत वजनाची किंमत होते. चमचा कुणी, कुठे, केव्हा घडवला हे मात्र मुशीत वितळून जातं. म्हणून माझं एकच सांगणं आहे. मोडीत घालण्याआधी चमचा उलटा करा आणि दांड्यावरचे ठसे भिंगातून वाचा.

इंग्लंडमधल्या चांदीवर हे ठसे सहसा ओळीनं असतात. आधी शोधायचा तो एक पंजा उचलून चालणारा सिंह. १५४४ पासून वापरात आलेला हा सिंह स्टर्लिंग चांदीची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदीची खूण आहे. दुसरा ठसा तपासणी झालेल्या शहराचा: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा १९७४ पर्यंतचा मुकुट. तिसरा ठसा म्हणजे वर्षाचं अक्षर. तेच अक्षर काही वर्षांनी पुन्हा येतं, पण त्याचं वळण किंवा भोवतीची चौकट बदलते. राजाचं वा राणीचं मस्तक दिसलं, तर ती कर भरल्याची खूण. ती १७८४ ते १८९० या काळातली.

राहिली कारागिराची आद्याक्षरं. लंडनच्या हेस्टर बेटमन यांनी पतीच्या निधनानंतर व्यवसाय हाती घेतला आणि १७६१ मध्ये स्वतःचा ठसा नोंदवला. त्यांची वळणदार ‘एच बी’ ही अक्षरं आज संग्राहक आवर्जून शोधतात. पण तीच आद्याक्षरं अनेकांची असू शकतात. त्यामुळे शहर आणि वर्ष ठरवल्याशिवाय नाव ठरवू नये.

खरी फसगत होते ती मुलाम्याच्या चमच्यांत. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्यानं मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि असे चमचे घरोघर पोचले. त्यांवर ‘ई पी एन एस’ ही अक्षरं असतात, कधी चार वेगवेगळ्या चौकटींत, अगदी चांदीच्या ठशांसारखी दिसतील अशी. शेवटचा ‘एस’ सिल्व्हरचा खरा, पण ते ‘निकेल सिल्व्हर’, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त. चांदी फक्त वरच्या थरात. ‘ए वन’ ही मुलाम्याची प्रत, चांदीची नव्हे. लोहचुंबकानं निवाडा होत नाही, कारण तो दोन्हींना चिकटत नाही. त्यापेक्षा चमच्याच्या वाटीचा टेबलावर टेकणारा भाग बघा. मुलामा उडाला असेल, तर तिथे खालचा पिवळट धातू डोकावतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीच्या चांदीवर हत्तीचा ठसा आढळतो. तो त्या पेढीचा. इंग्लंडच्या सिंहासारखी सरकारमान्य तपासणी त्यामागे नव्हती. तरीही सिंह नाही म्हणून असा चमचा कमअस्सल मानू नये. सराफाकडून त्याचा कस पाहून घ्यावा.

आणि हो, जुने चमचे रांगोळीनं किंवा राखेनं घासू नका. चकाकी येते, पण ठसे झिजतात. ठसे पुसले गेले, की त्या चमच्याची हकिगत सांगणारं दुसरं कुणी उरत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)