गुरुजींचा पगार आणि कर्जाचा हप्ता

"शाळांचा पगार झाला का हो, साहेब?" हा प्रश्न मी गेली जवळपास वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर ऐकत आलो आहे. पगार जमा झाला की तेच गुरुजी दुसऱ्या दिवशी पासबुक भरून घ्यायला येतात, छापलेल्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचतात आणि गप्प होतात. पगार एका ओळीत आलेला असतो, पुढच्या चार-पाच ओळींत गेलेला असतो. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे मंडळाने सांगितले, तेव्हा या चार-पाच ओळींविषयीच लिहावे असे वाटले. मी कलाशाखेचा पदवीधर, अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. रोज जे डोळ्यांसमोर येते तेवढेच मांडतो.

माझे वडीलही प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पिढीला कर्ज या शब्दाचीच धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. आजोबांच्या काळी कर्ज म्हणजे सावकाराचे कर्ज, आणि ते फिटेपर्यंत पोराने सालगडी म्हणून राबायचे. त्यामुळे किराणा दुकानातली उधारीची वहीसुद्धा वडील महिनाअखेर मिटवून टाकीत. आमच्या पिढीची ही धास्ती गेली, हे चांगलेच झाले. परंतु तिच्या जागी हिशेब यायला हवा होता, तो आला नाही. धास्ती गेली आणि "हप्ता काय, पगारातून जाईल" ही वृत्ती आली.

शिक्षकाला कर्ज लवकर मिळते, यामागे एक साधे कारण आहे. त्याचा पगार एखादे वेळी उशिरा होईल, पण बुडणार नाही, हे कर्ज देणाऱ्याला ठाऊक असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने संमतिपत्र लिहून दिले, की पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापून संस्थेला पाठविणे कार्यालयावर बंधनकारक होते. म्हणजे पैसा हातात येण्याआधीच हप्ता गेलेला असतो. देणाऱ्याला ही सोय उत्तमच आहे. घेणाऱ्याला मात्र हप्ता कधी हाताने मोजून द्यावा लागत नाही, म्हणून तो कळतही नाही. दुकानदाराला वर्षाकाठी किती व्याज भरता असे विचारा, तो चटकन सांगेल. तोच प्रश्न गुरुजींना विचारला तर ते म्हणतात, "पगारपत्रक बघावे लागेल."

शिक्षकांवर कर्ज का होते, यावर लोक सहज बोलून जातात की चैन वाढली. गाड्या, मोबाइल, लग्नातला थाट हे आहेच, मी नाकारत नाही. पण माझ्यासमोर येणाऱ्या अर्जांचे कारण बहुधा निराळे असते. घरात पहिल्यांदा पगार आणणारा तो एकटा असतो. धाकट्याची फी, बहिणीचे लग्न, गावाकडच्या घराचे छत, वडिलांचे ऑपरेशन, सगळे त्याच्याच नावावर. आपल्या समाजात तर एका पगारावर तीन चुली चालतात, हे सांगायला नको. त्यात नोकरीची सुरुवातच कमाईने होत नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे महिना तीन हजार रुपये मानधन होते. २०२३ पासून ते सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळांत तर कित्येकांनी ऐन उमेदीची वर्षे पगाराशिवाय काढली. पूर्ण पगार हाती येतो तेव्हा मागची उसनवारी दाराशी उभी असते.

आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना भविष्य निर्वाह निधीचा आधार होता. लग्न निघाले, घर बांधायचे झाले, तर त्या निधीतून अग्रिम काढता येई. स्वतःचाच पैसा, स्वतःच परत भरायचा. त्या तारखेनंतर लागलेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिच्यात काही ठरावीक कारणांसाठी स्वतःच्या वर्गणीच्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मध्येच काढता येते. म्हणून एकाच शाळेतले जुने सर निधीतून भागवीत आणि नव्या सरांना बँकेची पायरी चढावी लागे, असे मी पाहिले आहे.

आता हिशेबाकडे वळू. अर्ज घेऊन आलेला माणूस विचारतो, "हप्ता किती बसेल?" एकूण किती जाईल, हे क्वचितच कोणी विचारते. समजा, पाच लाखांचे कर्ज, दर १२ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता सुमारे ११,१२२ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ६७ हजार. व्याज शिल्लक बाकीवर बसते, त्यामुळे सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्या हप्त्यांपेक्षा जास्त असतो. दोन वर्षांत २ लाख ६७ हजार भरून झाले, तरी बाकी सुमारे ३ लाख ३५ हजार उरते. याच वेळी फोन येतो की तुमचा व्यवहार चांगला आहे, कर्ज वाढवून घ्या. जुने खाते मिटवून पुन्हा पाच लाखांचे नवे कर्ज होते आणि हातात १ लाख ६५ हजार पडतात. हप्ता तोच ११,१२२ राहिल्यामुळे गुरुजींना वाटते, आपले काहीच वाढले नाही. वास्तविक तीन वर्षे उरली होती, त्यांची पुन्हा पाच झाली. जास्तीचे २४ हप्ते म्हणजे २ लाख ६७ हजार रुपये, हातात आलेल्या १ लाख ६५ हजारांसाठी. यात बँकेची लबाडी नाही, दर तोच आहे. पण दर दोन वर्षांनी असे केले तर माणूस निवृत्त होईपर्यंत त्याच पायरीवर उभा राहतो. असे कर्ज चौथ्यांदा वाढवून घेणारे सर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या अर्जावर शिक्काही मीच मारला आहे.

दुसरा घोळ सरळ दराचा. काही ठिकाणी "फक्त १० टक्के" म्हणतात, पण ते व्याज मूळ रकमेवर शेवटपर्यंत लावतात. लाखाला पाच वर्षांचे पन्नास हजार व्याज आणि महिना २,५०० हप्ता. शिल्लक बाकीवर मोजले तर हाच दर १७ टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तकंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जासोबत सर्व खर्च धरून वार्षिक टक्केवारी दाखविणारे पत्रक द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्न तोंडाने विचारावा लागतो. विचारायला लाजू नये. आणि जो शेकड्याला महिना पाच रुपये घेतो, तो वर्षाला साठ टक्के घेतो. असल्या माणसाकडे एटीएम कार्ड आणि कोरा चेक ठेवून आलेले शिक्षकही आहेत. परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे.

आता जामिनाविषयी, आणि इथे मला स्वतःची फजिती सांगावी लागेल. माझा एक जिवलग मित्र शिक्षक आहे. नाव देत नाही. काही वर्षांपूर्वी त्याने एका पतसंस्थेचा फॉर्म पुढे केला आणि मी स्कूटरच्या सीटवर ठेवून सही केली. रक्कम त्याने सांगितली नाही, मी विचारली नाही. विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे वाटले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. संस्था आधी कर्जदाराकडे जाईल, मग माझ्याकडे येईल, असा नियम नाही. हे मी बँकेत लोकांना समजावून सांगत असे! पुढे त्याचे हप्ते थकले आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली.

पैशाचे दुःख होतेच. पण त्याहून वाईट हे, की त्याने रविवारी विहारात येणे सोडले, कारण तिथे मी असे. मुलांचा अभ्यासवर्ग तो घेत असे, तो बंद पडला. पुढे कळले की चार ठिकाणी कर्ज होते, आणि वहिनींना एकाचीच कल्पना होती.

या विषयावर आपल्या परंपरेत काय आहे, हे तेव्हा मी मुद्दाम पाहिले. अंगुत्तरनिकायात भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत, त्यांत कोणाचेही देणे नसण्याचे आनण्यसुख आहे. पण दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात एक माणूस कर्ज काढून धंदा करतो, धंदा चालतो, तो कर्ज फेडतो आणि बायकोमुलांसाठी काही उरवतो. त्याच्या आनंदाची उपमा तिथे दिली आहे. म्हणजे कर्ज काढणेच पाप, असे तिथे मानलेले नाही. भीमरावांच्या पुस्तकांसाठी सुभेदार रामजी लेकींचे दागिने गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवीत, ही हकीकत आपल्याला ठाऊकच आहे. काय आणायचे आणि कशातून फेडायचे, हे दोन्ही त्यांना माहीत होते.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. शिष्यवृत्तीचा अर्ज आधी करा. तरी कमी पडले तर शैक्षणिक कर्ज घ्या, वैयक्तिक कर्ज घेऊ नका. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर काही काळाने सुरू होतात. मात्र त्या काळातही व्याज चढत असते, हे वडिलांना सांगून ठेवा.

माझ्या मित्राचे पुढे असे झाले की एका रविवारी मी आणि वहिनी त्याला घेऊन बसलो. चारही कर्जे एका कागदावर वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहिली : कोणाचे, किती बाकी, दर काय, हप्ता किती. लिहिता लिहिता त्या दोनदा थांबल्या. सर्वांत चढ्या दराचे आधी फेडायचे ठरले, आणि त्यासाठी गावाकडची दोन गुंठे जागा विकली. पतसंस्थेचे खाते मिटल्यावर त्याने बेबाकी दाखला घेतला, दिलेले कोरे चेक मोजून परत घेतले आणि दाखल्याची झेरॉक्स मला आणून दिली. माझे त्याच्याकडे अजून चौदा हजार येणे आहे. दर महिन्याला तो हजार रुपये देतो, मी वहीत सही करून देतो. अभ्यासवर्ग पुन्हा सुरू झाला आहे.