मातीचा दागिना, उजेड झिरपणारा

आमच्या नाशिकच्या सराफ बाजारात नजर आधी सोन्याकडे जाते. माझा जीव मात्र चिनी मातीच्या कानातल्यांवर जडलाय! लोणच्याची जाड बरणी डोळ्यांसमोर आणू नका. अस्सल पोर्सिलेनचं पातळ पान उन्हात धरा, कडेतून उजेड दुधासारखा झिरपतो.

केओलिन, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड मळून दागिना घडवतात. भट्टीत साधारण १३०० अंशांना तो आक्रसतो, म्हणून लोलक आधीच मोठा करावा लागतो. मण्याचं भोकही आटतं! सोनेरी रेघ झिलईवर शेवटी ओढतात आणि पुन्हा, कमी आचेवर, भाजतात.

चीनचं हे गुपित युरोपला उमगायला अठरावं शतक उजाडलं. जर्मनीतल्या माइसेनचा पोर्सिलेन कारखाना १७१० चा. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभाराने १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी पदक काढलं, तेही भाजलेल्या मातीचंच. बायका ते केसांत, कंकणात मिरवत.

‘फुटलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. अहो, काचेचा चुडा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतोच की! बांगडी ‘फुटली’ नाही, ‘वाढवली’ म्हणतो. हे कानातलंही मऊ कापडात वेगळं ठेवा, धातूच्या दागिन्यांत टाकू नका. घामाने रंग मात्र कधी उतरत नाही.