पासपोर्ट, तिकीट आणि इन्सुलिन!

अखेर तो मेल येतो. पुढच्या सोमवारी लंडन, दोन आठवड्यांचा प्रोजेक्ट! टीममधले सगळे 'पार्टी कधी?' म्हणून मागे लागतात. घरी आई चिवडा-लाडवांच्या तयारीला लागते. तुम्ही मात्र मनातल्या मनात वेगळीच यादी करत असता. पेन किती न्यायचे? सुया चालतील का? सिक्युरिटीवाल्यानं सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावली तर? आणि बरोबर येणाऱ्या कलीगला तर आपण इन्सुलिन घेतो हे माहीतच नाही...

डोण्ट वरी! ही धाकधूक भल्याभल्यांना चुकलेली नाही. वसीम अक्रमला १९९७ मध्ये डायबेटिसचं निदान झालं, आणि त्यानंतरही तो २००३ च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला. जुलै २०१९ मध्ये मँचेस्टर विमानतळावर आपल्याला उद्धटपणे प्रश्न विचारले, कोल्ड-केसमधलं इन्सुलिन सगळ्यांदेखत काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायला लावलं, अशी तक्रार त्यानं ट्विटरवर केली. त्याच्यावर ही वेळ येते, तर आपणही तयारीत असलेलं बरं. लाजण्यासारखं मात्र यात काहीच नाही.

प्रवास नाशिकपासूनच मोजा

विमान मुंबईहून उडणार असलं, तरी तुमचा प्रवास मुंबई नाक्यावरूनच सुरू होतो. हिशेब करून बघा. सकाळी ६ ची फ्लाइट, म्हणजे ३ ला रिपोर्टिंग. भिवंडीच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, म्हणून रात्री १० ला घर सोडायचं. जेवण झालेलं असतं साडेआठला. विमानात ब्रेकफास्ट समोर येतो साडेसात-आठला! मधले अकरा तास बॅगा उचलणं, रांगा आणि धावपळ. शुगर खाली जाते ती बहुतेक अशाच वेळी.

म्हणून निघण्यापूर्वी, चेक-इन झाल्यावर आणि विमानात बसताना शुगर तपासा. सीजीएम सेन्सर लावत असाल, तरी ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स सोबत हव्यातच. शुगर ७० च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा छोटा फ्रूट ज्यूस घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. सिक्युरिटीत पातळ पदार्थ अडू शकतात, म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर सोपी. आईनं दिलेली चिक्की नंतर खा. दाण्यांमधल्या तेलामुळे तिची साखर रक्तात हळू पोचते.

मोठ्या बॅगेत? मुळीच नको!

इन्सुलिनचे दोन शत्रू, ऊन आणि बर्फ. मे महिन्यात कसाऱ्याला वडापाव खायला थांबलात आणि पाऊच डॅशबोर्डवर राहिलं, तर औषधाचा जोर कमी होतो. उलट, मोठी बॅग जिथे जाते त्या कार्गोत ते गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. शिवाय बॅग हरवली तर काय करणार?

म्हणून सगळा साठा केबिन बॅगेत, तोही सीटखाली, हात पोचेल असा. लागेल त्याच्या दुप्पट न्या. शक्यतो दोन पाऊचमध्ये विभागा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन २५-३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालतं. नेमका आकडा पाकिटातल्या कागदावर बघा. कूल पाऊच वापरा, पण आइस पॅकला पेन थेट चिकटू देऊ नका. आपल्याकडे फ्रिज नसलेली मंडळी मातीच्या मडक्यात इन्सुलिन ठेवतात, ती युक्ती काही उगाच नाही!

सिक्युरिटी चेकला आधीच सांगा, 'बॅगेत इन्सुलिन आणि सुया आहेत.' प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हातात ठेवा. त्यावर पासपोर्टवरचंच नाव आणि औषधाचं जेनेरिक नाव हवं. पंप किंवा सेन्सर असेल तर त्याला एक्स-रे मशीन आणि बॉडी स्कॅनर चालतो का, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. नसेल चालत, तर हातानं तपासणी मागता येते.

घड्याळं दोन, डोस कोणता?

लंडन आपल्यापेक्षा साडेचार किंवा साडेपाच तास मागे. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, तेव्हा इन्सुलिन थोडं जास्त लागू शकतं. सिंगापूरसारखं पूर्वेला गेलात तर दिवस आखडतो. डोस मात्र मनानं बदलू नका! तिकिटाची प्रिंट घेऊन आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जा आणि वेळापत्रक लिहून घ्या. तोवर एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या.

जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रे समोर आल्यावरच घ्या. कार्टचा आवाज आला म्हणून टोचलं आणि तेवढ्यात विमान हलायला लागून सर्व्हिस थांबली, तर पंचाईत! हवेच्या दाबामुळे पेनमध्ये बुडबुडे येतात. आधी दोन युनिट हवेत सोडून बघा.

आणि एक गोष्ट विसरूच नका. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या, सिरिंजही त्याच मापाची. परदेशात बहुतेक ठिकाणी दोन्ही १०० च्या. तिथल्या १०० च्या बाटलीतून इथल्या ४० च्या सिरिंजनं घेतलंत, तर अडीचपट डोस जाईल! बाटली वापरत असाल तर सिरिंज इथूनच न्या. पेन दोन्हीकडे बहुधा १०० चे असतात, पण बदलताना लेबल नक्की वाचा.

शेवटचं सामान

राहिला तो कलीग. त्याला निघण्याआधी चहावर गाठा आणि सांगून टाका, 'मला घाम फुटला, हात थरथरले किंवा मी असंबद्ध बोलायला लागलो, तर या कप्प्यात ग्लुकोज आहे. मी बेशुद्ध असेन, तर तोंडात काही घालू नकोस, क्रूला बोलाव.' दोन मिनिटांचं काम आहे. पण तीस हजार फुटांवर शुगर पन्नासवर आली, तर तुमच्या बॅगेतला तो कप्पा उघडणारं शेजारी कुणीतरी असेल.

मग काय, बॅग भरा. आणि हो, पार्टी द्यायला विसरू नका. हॅपी जर्नी!