अरे, अहो, अ‍ॅरे!

महाडच्या तलाठ्याकडे सातबारा मागायला गेलात आणि कागदावर नुसतं 112 खरडलंत. आता सांगा, शेत कुठलं? सर्व्हे नंबर 11, हिस्सा 2? की सर्व्हे नंबर 1, हिस्सा 12? म्हणून तर मध्ये तो तिरका दांडा. 11/2. दांडा गेला की बांधावर भांडण पक्कं!

माहीत आहे का? असाच दांडा ‘ऑक’ नावाच्या चिमुकल्या स्क्रिप्टिंग भाषेतही आहे. जन्म 1977, बेल लॅब्ज. तिच्यात खरा द्विमितीय अ‍ॅरे नव्हताच! आडवं-उभं कोष्टक हवंय? ऑक दोन्ही नावं चिकटवते आणि एकच लांबलचक किल्ली करते. जुगाड, पण झकास.

समजा, पाऊस["पोलादपूर","जुलै"] असं लिहिलंत. आत साठतं ‘पोलादपूर’, मग एक गुपचूप चिन्ह, मग ‘जुलै’. चिन्हाचं नाव सबसेप, अ‍ॅस्की नंबर 28. कीबोर्डवर त्याचं वेगळं बटणच नाही, त्यामुळे ते गावाच्या नावात चुकून घुसत नाही. पण किल्ली स्क्रीनवर छापली की बहुधा दिसतं नुसतं ‘पोलादपूरजुलै’. मधली जागा कुणी खाल्ली, हे शोधण्यात अस्मादिकांचा एक अख्खा रविवार गेलाय!

आणि हो, सगळ्या किल्ल्या एकामागून एक काढल्यात तर क्रमाची हमी नाही. सप्टेंबर जूनच्या आधी टपकू शकतो. ऑक आहे की कोकणातला पाऊस?

ऑक हे नाव तिघा जनकांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचं. त्यातल्या पहिल्याचं स्पेलिंग मराठी थाटात वाचा: ‘अहो’! बायकोने हाक मारल्यासारखं.

पर्ल या भाषेनेही (जन्म 1987) हेच 28 नंबरचं चिन्ह उसनं घेतलं. ऑकच्या ‘गॉक’ या अवताराला अ‍ॅरेत अ‍ॅरे मिळाला थेट 2011 मध्ये. तोवर दांड्यावरच निभावलं की राव!

बिनदांड्याचं कोष्टक पाहिलंय? तुमच्या पत्त्यातच आहे: पिन कोड! 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. कल्पना टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची. साहेब संस्कृत कवीही होते, त्यामुळे मात्रा मोजायची सवय असणारच. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा सॉर्टिंग जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. प्रत्येकाची जागा ठरलेली, मग दांडा हवाच कशाला?

महाड 402301. पोलादपूर 402303. मधला 402302 कुणाचा? पोस्टमनकाकांना विचारा!