स्मृतिभ्रंशातलं स्वत्व : तीन दशकांचा मागोवा

जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेनच्या सभेत ऑगस्टे डी. या रुग्णाची हकिकत मांडली, तेव्हा भर होता मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या बदलांवर. आपण स्वतःलाच हरवून बसलो, असं ती बाई बोलल्याची नोंद त्यांच्याच टिपणांत आहे. पण पुढची कित्येक दशकं तिच्या त्या बोलण्याचा विचार फारसा झाला नाही. आठवण गेली की माणूस गेला, असंच धरून चालले सगळे. या समजुतीला ठोस आव्हान मिळालं ते १९९२मध्ये. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन सबॅट आणि तत्त्वज्ञ रोम हॅरे यांनी दाखवलं, की ‘मी’, ‘माझं’ म्हणणारी जाणीव आजार बराच वाढल्यावरही टिकते. आधी ढासळते ती लोकांच्या साथीनं उभी राहणारी ओळख. जन्मभर शिकवलेल्या माणसाचं शिक्षकपण ऐकणारा असेल तरच जिवंत राहतं. त्याच्याशी फक्त ‘पेशंट’ म्हणून बोललं गेलं, तर ते आजारानं नव्हे, आपण काढून घेतलेलं असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७च्या पुस्तकात अशा वागण्याची यादीच दिली : बाळासारखं बोलणं, फसवून काम उरकणं, समोर बसलेल्याबद्दल तिसऱ्याशीच बोलणं. आपल्या घरांत हे सारं मायेपोटी चालतं, म्हणूनच ते खुपत नाही.

यावर आक्षेप असा, की स्वत्वाबद्दल बोलणारे रुग्ण शिकलेले, बोलके आणि सुरुवातीच्या टप्प्यातले असतात. ४६व्या वर्षी निदान झालेल्या, पुढे पुस्तकं लिहिणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या क्रिस्टीन ब्रायडन सगळ्यांच्या प्रतिनिधी कशा? ते खरंच आहे. कॅडेल आणि क्लेअर या संशोधकांच्या २०१०च्या आढाव्यातही स्वत्व काही अंशी टिकल्याचे पुरावे आहेत, तसे त्याच्या काही अंगांची झीज झाल्याचेही आहेत. पण सुरुवातीच्या टप्प्यातच तर अपमान लख्ख कळतो. चेकबुक न विचारता काढून घेतलं, हे त्या माणसाला समजतं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा : रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेवर आणखी दोष कशाला? दोष द्यायचाच नाही. किटवुडही यात कुणाचा दुष्टावा पाहत नव्हते. थकलेल्या घराला मदतीचा हात मिळाला, तरच तिथं धीरानं विचारायला आणि उत्तराची वाट पाहायला सवड उरेल.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. अशा माणसाचा आवाज पुढेही टिकावा, यासाठी एक वाट आहे : आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि पुढे आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे. निदान होताच, बोलणं स्पष्ट आहे तोवर, घरच्यांनी हा कागद रुग्णाच्याच सांगण्यावरून लिहून घ्यावा.